भांडं आमचं, पाइप कोंडाजीरावांचा

नाशिकरोड,
रविवार, ३ ऑगस्ट २००३

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांवर धाकट्या धनराजचा नमस्कार. (खरोखर वाकून केला आहे. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, ते काढता काढता उरकून घेतला.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. सविताची कंबर आहे तशीच आहे, माझं ब्लडप्रेशर गोळीच्या धाकात आहे. तुझे गुडघे कसे आहेत? खाली बसवत नाही आणि धरायला कठडा नसेल तर पायऱ्या चढवत नाहीत असं तुझ्या दिनेशने लिहिलं आहे. तू फोन कर म्हणाली होतीस, पण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. शिवाय आमचा फोन खिडकीपाशी आहे आणि खिडकीखाली कोंडाजीराव राहतात.

तर मुद्दा असा, की तू येत्या ११ तारखेला येणार, सिंहस्थात एकदा गंगेवर जाऊन डोकं बुडवणार, आणि तुला खाली बसावं लागू नये म्हणून मी घरात कमोड बसवून ठेवणार, असं आपलं ठरलं होतं. अक्षय्य तृतीयेला मी तुला तसं छातीठोकपणे कळवलंही होतं. कमोड आणलेला आहे. बसवलेला नाही. या दोन वाक्यांच्या मधे तीन महिने गेले, त्याची हकिगत सांगतो.

आमचा संडास तुला ठाऊकच आहे. बिल्डरने जमिनीत जागा ठेवली नाही, म्हणून भांडं उंच ओट्यावर बसवलं आणि पाइप भिंतीतून बाहेर काढला. दोन पायऱ्या चढून जायचं आणि वर जाऊन बसायचं. पुढारी सभेला जातो तसा मी वीस वर्षं जातो आहे. हा ओटा फोडून कमोड बसवायचा, एवढंच काम. पण नेमके त्याच सुमारास आमचे गुरुजी घरी आले आणि म्हणाले, सिंहस्थात वास्तूचं काम काढू नये. गुरू सिंहेत जायच्या आत आरंभ झालेला असेल तर मात्र हरकत नाही. मी विचारलं, आरंभ कशाला म्हणायचं? ते म्हणाले, माल घरात आला की झाला आरंभ. (दक्षिणा दिल्यानंतर हे सांगितलं, त्यामुळे मी ते निःस्वार्थ समजलो. जूनमध्ये गुरुजींनी स्वतःचं न्हाणीघर पार छतापर्यंत टाइल लावून पुरं करून घेतलं, हे मला मागाहून कळलं.)

म्हणजे माल आधी, मिस्त्री मागून. मला ते पटलंच, कारण माझं पहिल्यापासून मत आहे की मिस्त्रीला घेऊन दुकानात जाऊ नये. मिस्त्री दुकानदाराकडे बघून एक डोळा बारीक करतो आणि त्या डोळ्याची किंमत आपल्या बिलात येते. सविता म्हणत होती, आधी कुणाला तरी जागा दाखवा, मग काय ते आणा. एकदा नाही, चार वेळा म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी. मी गंगापूर रोडला गेलो, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही आणि म्हणून कुणी फसवणार नाही असा माझा हिशेब होता, आणि टेम्पो भरून माल घेऊन आलो. एक कमोड, टाकी, तीन नळ, एक आरसा (आरसा कशाला, हे सविता अजून विचारते) आणि चौदा खोकी टाइल्स.

आता तू जाणतेस, मी प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटांचे कागद तपासले. रेघ केसभर सरकली तरी माझ्या नजरेतून सुटत नसे. ते वळण अजून गेलेलं नाही. मी गॅलरीत स्टूल मांडून, भिंग घेऊन एकेक टाइल तपासायला बसलो. कोपरा, कड, रंग, पाठ. जिच्यात दोष, तिच्या पाठीवर तांबड्या पेन्सिलीने फुली. तीन दिवसांनी एकशे अडुसष्ट टाइलांपैकी एक्केचाळीस पास झाल्या. एक्केचाळीस टाइलांत आपल्या संडासाची एक भिंत होते, तीही कमरेपर्यंत. नापास टाइला घेऊन दुकानात गेलो तर त्या माणसाने फुल्या पाहिल्या, मला पाहिलं, चहा मागवला आणि म्हणाला, काका, भिंतीवर लावायच्या आहेत, बँकेत भरायच्या नाहीत. मी चहा पिऊन परत आलो.

कमोडही मी तपासला. चीर नाही, डाग नाही, चकाकी एकसारखी. पास. फक्त एक गोष्ट पाहिली नाही, ती पुढे सांगतो. खात्यात आमचं काम दोष पाहण्याचं होतं, दिशा पाहण्याचं नव्हतं.

मग मिस्त्री शोधायला लागलो आणि नाशिकमध्ये मिस्त्री हा प्राणीच उरलेला नाही असं कळलं. सगळे प्लंबर, गवंडी, वायरमन, झाडून सगळे सिंहस्थाच्या कामावर. कुणी घाटावर, कुणी तपोवनात साधुग्रामात. मे गेला, जून गेला. तोवर कमोड हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. गॅलरीत ठेवला तर लोक बघतात, आणि बेडरूममध्ये ठेवायला सविता तयार नाही. तिने त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला, मग रुमालावर फुलदाणी ठेवली. मीटर वाचायला आलेला माणूस फुलदाणी बाजूला ठेवून त्यावर टेकला, पाणी प्यायला, आणि स्टूल छान आहे म्हणाला. तो गेल्यावर सविताने फुलदाणी परत जागेवर ठेवली. टाइल्स दिवाणाखाली घातल्या, त्या मावेनात म्हणून दिवाणाला विटा लावल्या. आता मी दिवाणावर बसलो की पाय जमिनीला लागत नाहीत.

शेवटी मी स्वतः तपोवनात गेलो. तिथे निफाडचा यादव मिस्त्री भेटला. आखाड्यांच्या तंबूंसाठी ओळीने संडास बसवत होता, एका दमात चाळीस. माझ्या एका संडासासाठी मी त्याच्यामागे तीन खेपा घातल्या. एक साधूबुवा या खेपा पाहत होते. त्यांनी चौकशी केली, मी सगळं सांगितलं, तर म्हणाले, संसार सोड. मी म्हणालो, महाराज, संसार सुटेल, पण भांडं परत घेत नाहीत.

यादव काल आला. काल का, तर नागपंचमी. नागपंचमीला जमिनीत पहार घालायची नाही म्हणून त्याची माणसं कामावर आली नाहीत आणि तो मोकळा होता. म्हणजे ज्या दिवशी खणायचं नाही, नेमका त्या दिवशी मला खणणारा मिळाला. त्याने सविताकडून पुरणाची दिंडं खाल्ली, कमोडवरची फुलदाणी उचलली, रुमाल उचलला, मागून वाकून पाहिलं आणि म्हणाला, “काका, भांडं लय भारी हाय. पण ह्याचं तोंड हाय खाली, अन् तुमचा पाइप हाय भितीत. ह्यांची सोयरीक जमायची नाय.”

झालं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. कमोड दोन जातींचे असतात म्हणे. एकाचं तोंड भिंतीकडे, एकाचं जमिनीकडे. आपल्याला पहिला हवा, मी आणला दुसरा. दुकानदार बदलून द्यायला तयार आहे, पण नवा माल पर्वण्या संपल्यावर. हाच बसवायचा तर जमिनीला भोक पाडून पाइप खाली सोडावा लागेल. आणि आमची जमीन म्हणजे कोंडाजीरावांचं छत.

कोंडाजीराव गायधनी, खालच्या मजल्यावरचे, यांच्याशी मी सहा वर्षं बोललेलो नाही, हे तुला माहीत आहे. आमच्या बाथरूमचं पाणी त्यांच्याकडे गळतं असं त्यांनी सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं. गळत नाही, असं मी त्याखाली लिहिलं. त्यांनी त्याखाली लिहिलं की ते संडासात छत्री घेऊन जातात. त्यानंतर जे काही बोलणं झालं ते फळ्यावरच. तर या कोंडाजीरावांचा कमोड उन्हाळ्यात तडकला. त्यांनी तो काढून टाकला, तसाच दुसरा त्यांना गावात कुठे मिळेना, आणि तेव्हापासून ते आवारातल्या वॉचमनच्या संडासावर भागवतात. हे यादवनेच पाइप बघायला खाली जाऊन आल्यावर सांगितलं. त्यांच्याकडे जमिनीत पाइप तयार आहे, वर भांडं नाही. माझ्याकडे भांडं आहे, खाली पाइप नाही. यादव म्हणाला, खालच्यांना हे अस्सं बसेल, तासाचं काम. मी म्हणालो, हॉलमध्ये राहील, नातवंडं त्यावर बसून अभ्यास करतील, पण खाली जाणार नाही.

तेव्हा अक्का, शांतपणे विचार करता मला असं वाटतं, की तू तूर्त येऊ नयेस. गर्दी फार आहे, पाऊस आहे, आणि त्या दोन पायऱ्या तुला झेपणार नाहीत. सिंहस्थ काही पळून जात नाही. तेरा महिने असतो. दिवाळीनंतर मिस्त्री मोकळे होतील, कमोड बदलून येईल, गाड्याही रिकाम्या असतील. दिनेशला तिकिटं रद्द करायला सांग. रागावू नकोस. सविता नमस्कार सांगते.

तुझा,
धनराज

ता. क. (सोमवार)

काल पोस्ट बंद म्हणून पत्र टेबलावरच राहिलं आणि सविताने वाचलं. वाचून म्हणाली, हेच पत्र तुम्ही मागच्या सिंहस्थात पाठवलं होतं. मी म्हणालो, काहीतरीच. मी पत्रांच्या कार्बन कॉपी ठेवतो, हे तुला ठाऊक आहे. १९९१ची फाइल काढली. गर्दी फार आहे. पाऊस आहे. सिंहस्थ काही पळून जात नाही, बारा वर्षांनी पुन्हा येतोच. ओळी त्याच, अक्षर जरा बरं. तेव्हा तर तुझे गुडघे ठणठणीत होते आणि भावजी होते. मला नुसता पाहुण्यांचा कंटाळा आला होता.

सिंहस्थ आला. भावजी नाहीत. त्या वेळी त्यांनी गंगेवर न्यायला म्हणून नवा पंचा आणला होता आणि तो तू अजून घडीसकट ठेवला आहेस, असं दिनेशने मागे एकदा सांगितलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं. काल रात्रभर तो पंचाच डोळ्यांपुढे होता. अक्का, माझं चुकलं. तिकिटं रद्द करू नकोस. पंचा घेऊन ये.

ता. क. २ (मंगळवार)

खाली गेलो. कोंडाजीरावांच्या पत्नी पुतळाबाईंनी दार उघडलं, ते स्वतः पेपरमागे होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की चाळीसगावची अक्का येते आहे, तिला खाली बसवत नाही, भांडं माझ्याकडे आहे, पाइप तुमच्याकडे आहे. त्यांनी पेपर खाली केला नाही. मागूनच म्हणाले, “गळतं का नाय?” मी म्हणालो, “गळतं.” मग पेपर खाली आला. म्हणाले, “आणा मग.”

यादवला निरोप धाडला, तो संध्याकाळी तपोवनातून परस्पर आला, आणि तासाभरात कमोड बसला. पहिल्यांदा पाणी ओढलं तेव्हा आम्ही चौघंही दारात उभे होतो. मागची भिंत ओकीबोकी दिसत होती, तिथे माझ्या नापास टाइला जातील. कोंडाजीरावांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, ह्यात दोष कुठे आहे? मी दाखवायला गेलो तर मलाही सापडेना. तू राहायला आमच्याकडेच, दिवाणाखालच्या विटा काढल्या आहेत. जाण्यापुरतं खाली जायचं, जिन्याला कठडा आहे, पुतळाबाई हात धरून नेतील. शिवाय कळलं ते असं, की सविता आणि पुतळाबाई सहाही वर्षं मागच्या गॅलरीतून बोलत होत्या, वाट्या खालीवर जात होत्या, आणि आमच्या भांड्याचं तोंड खाली आहे हे पुतळाबाईंना जूनपासून माहीत होतं. मी आपणहून खाली उतरायची त्या दोघी वाट बघत होत्या.

ता. क. ३

तू पोचशील त्याच्या दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा आहे. पहाटे गर्दी नसते तेव्हा गंगेवर जाऊन येऊ, रिक्षा सांगून ठेवली आहे. येताना राख्या दोन आण. मला नेहमीची चालेल. दुसरी जरा बरी बघून आण, संडास त्यांचा आहे.