निलगिरीच्या शेंड्यावर

सोमवार

नवं गाव, नवी नोकरी आणि कमरेला नवा कोरा पट्टा! झाडावर चढताना घालायचा. मुकादमांनी स्वतः ओढून तपासला. टोळी आम्हा तिघांची. मुकादम, मी, आणि खाली दोर सांभाळणारा एक आडदांड गडी, त्याला सगळे चिमणी म्हणतात. का, ते विचारायची माझी अजून हिंमत नाही. दिवसभर रस्त्याकडेच्या झाडांच्या वाळक्या फांद्या काढल्या. मुकादमांचा एकच धोशा: अंगावर दोन दोर असल्याशिवाय करवत चालू करायची नाही. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून. नाहीतर साल सोलत थेट खोडापर्यंत जाते. जेवताना बायकोला सगळं करून दाखवलं. चमचा म्हणजे करवत. हसून हसून तिला ठसका लागला.

बुधवार

शाळेच्या आवारातली निलगिरी. भिंतीकडे कललेली, म्हणून एकदम पाडता येईना; शेंड्यापासून तुकडे उतरवायचे. मीच हट्टाने चढलो. वर पोचलो आणि वाऱ्याने झाड झुललं. दोन्ही दोर नीट होते, पट्टा घट्ट होता, पडणं शक्यच नव्हतं. तरी खोडाला मारलेली मिठी सुटेना. मुकादम खालून समजावत राहिले. शेवटी वर आले, माझं एकेक बोट सोडवलं आणि लेकरासारखं छातीशी धरून मला खाली आणलं.

पँट ओली झाली होती. वर्गांच्या खिडक्या मुलांनी भरलेल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चिमणीने आपलं जाकीट माझ्या कमरेला बांधलं.

बायकोने विचारलं, कसं झालं काम? म्हटलं, शेंडा मीच उतरवला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिने लगेच भावाला फोन लावला.

गुरुवार

मुकादम म्हणाले, असं होतं, मनाला लावून घेऊ नकोस, आज खालीच थांब. ते चढले. मी मान वर केली.

त्यांच्याही वर, शेंड्याशी, कोणीतरी खोडाला मिठी मारून होतं. माझाच शर्ट. कमरेखाली ओल.

मुकादम त्याला खेटून गेले, त्यांना दिसलं नसावं. शेंडा कापला गेला तेव्हा तो खालच्या तुकड्यावर सरकला. मी ओरडलो नाही. काय म्हणून ओरडणार होतो?

शुक्रवार

निलगिरीचा उरलेला बुंधा पाडला. पडायच्या बाजूला पाचरीसारखी खाच पाडली, मागून काप दिला, सगळे लांब सरकलो. त्यावर कोणी नव्हतं. मला हायसं वाटलं.

दुपारी पुढच्या गल्लीत गेलो. तिथल्या झाडावर, मधल्या फांदीपाशी, तोच. डोळे गच्च मिटलेले. ओठ हलत होते: मला उतरवा, मला उतरवा.

चिमणीला विचारलं, वर कोणी आहे का रे? त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे. मग हळूच नजर वळवली. त्याला वाटलं, मी अजून घाबरलेलोच आहे.

शनिवार

मेहुणा आलाय. बायकोने टाळ्यांची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मी वाढवून सांगितली. ती माझ्याकडे अशी बघत होती —

खिडकीबाहेर, दारासमोरच्या झाडावर तो. हात पोचेल इतक्या खाली. उतरवायला शिडीसुद्धा लागली नसती. पण मग तिला दिसला असता. मी पडदा ओढून घेतला.

रविवार, सकाळ

त्याचे पाय जमिनीला लागलेत.

संध्याकाळ

मेहुणा गेला. दार वाजलं. मी उठलो नाही. तिने उघडलं.

किंचाळली नाही. म्हणतेय, अरे, भिजलास कसा?

दारातून माझाच आवाज. रडतोय. सगळं सांगतोय — घाबरलो गं, पँटीत झाली, टाळ्या खोट्या, सगळं खोटं —

ती म्हणाली, "एवढंच ना? वेड्या, आधी नाही का सांगायचं? ये, आत ये."

एवढंच.

मी इथेच आहे, आतल्या खोलीत. हाक मारतोय, आवाज फुटत नाही. डाव्या हाताने टेबल धरलंय, ते सुटत नाही. जमीन खूप खाली — वारा —

आली दोघं. तिने दिवा लावला. त्याच्या खांद्यावर टॉवेल. ती इकडे बघतेय — माझ्या आरपार —

म्हणतेय, इथे बस तू, ही खुर्ची रिकामीच —