दुसऱ्या वेळचं वादन

कोलकाता, मंगळवार

चि. शलोमी, तुला आणि बेलापूरच्या घरातल्या सगळ्यांना प्रभूच्या नावाने इथूनच सलाम.

माझी तब्येत ठीक आहे, जेवणाचीही काळजी नको. पप्पांनी काल भात खाल्ला का? डाव्या कानाने अजून ऐकू येतं ना?

रेकॉर्ड सापडली. पप्पांच्या मुंबईच्या जॅझ बँडची, १९५८ ची. मूळची मी नऊ वर्षांचा असताना माझ्या हातून फुटली. पप्पा एवढंच म्हणाले होते, "सरक मागं, पाय कापंल." ही १९७४ साली पुन्हा काढलेली, कुठल्याच यादीत नसलेली. दुकानदाराला ठाऊक नव्हती, मी ओळखली.

पण लावून ऐकली आणि सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली. गाणं तेच, बँड तोच, ट्रम्पेट वाजवणारे मात्र पप्पा नाहीत. तिसऱ्या ओळीआधीचा त्यांचा श्वास इथे नाही. लेबलालगत कोरलेला नंबर भिंगाने पाहिला. फुटलेल्या रेकॉर्डच्या मी जपून ठेवलेल्या तुकड्यावर शेवटी १ आहे, हिच्यावर २. म्हणजे त्या दिवशी दोनदा वाजवलं, दुसऱ्या वेळी दुसराच माणूस होता. मला हे कुणी शिकवलेलं नाही, पण यात माझी चूक होत नाही.

तू फोनवर म्हणालीस, पप्पा आता तुलाही "बाई, तुमी कोन?" विचारतात.

रविवारी श्रीरामपूरला उतरून बेलापूरला घरी येतो. त्यांना आधी काही सांगू नकोस, मी नुसती रेकॉर्ड लावीन. "हा मी न्हाई, बंद कर ते!" असं त्यांनी चिडून म्हणावं, एवढीच प्रार्थना कर.

तुझा दादा,
यशया