रिकाम्या घराला हाक

अमरावती, १९३८

घरधन्यांस,

तुम्ही गेल्यावर घरदलालीचा परवाना कचेरीने माझ्या नावावर केला. पण साहेबांनी बजावलं, वर्षात एकही सौदा झाला नाही तर तो जाईल. बाईच्या हाती घर द्यायला कोणी तयार होईना. शेवटी मी आपलंच घर विकायला काढलं.

गिऱ्हाईक तेल्हाऱ्याच्या तानुबाई. त्या दारातच अडल्या.

"तुहा मालक रिकाम्या घराले आंधी हाक मारे. तूही मार, मंगच मी पाय ठेवतो."

"आत कोनी नाही, मावशी."

"मंग भेतं काहून?"

तुमच्यासारखीच हाक मी मारली, "कोनी असन तं बाहीर या, मानसं राहाले येऊन राहिली."

तुमचा खोकला उंबऱ्यापर्यंत आला आणि माझ्या जवळून बाहेर गेला.

"पाह्य, रिकामंच होतं," तानुबाई हसल्या आणि आत गेल्या.

परवाना राहिला. पण तुम्हाला बाहेर काढलं आणि जायचं कुठे, ते सांगितलंच नाही. मी अंबागेटच्या आत, गंगूबाईंच्या माडीवर राहते. जिना अंधारा आहे, जपून या.

तुमची,
वच्छला