कोणाशी बोललात?

डोंबिवली पूर्व,
११ सप्टेंबर २०२५

प्रिय साकेत,

किती महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील तर बरोबरच आहे, आणि नसशील तर मला जास्त वाईट वाटेल. कारण शोधलं तर सापडत नाही. काम होतं, पण ते तर नेहमीच असायचं.

आपली बातम्यांची साइट, आपलं ‘फाटक’, विकायचं ठरलंय. वकिलांच्या मेल तू उघडत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून मीच सांगते. घेणाऱ्या कंपनीचं ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आहे, प्रणित आणि ऐश्वर्याला तिथे घेणार आहेत. इथे त्यांना पगार देणं आता जमत नाही. माझी सही झाली. खाली टपरीवर चहा घेतला आणि वाट बघितली, आता काहीतरी वाटेल म्हणून. काही वाटलं नाही. चहा फार गोड होता, एवढं आठवतं. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, आता वेळेवर जेवशील.

त्याच आठवड्यात परशुराम गुरुजी गेले. ठाकुर्लीचे आपले गुरुजी, ज्यांची निधनवार्ता आपण एकदा ते जिवंत असतानाच लावलेली. कुठल्यातरी ग्रुपवर फोटो आला, खाली सगळ्यांनी हात जोडलेले, आणि आपण खरं मानलं. लोक पांढरे कपडे घालून त्यांच्या दारात. मग त्यांचाच फोन आलेला, “अहो, मी आहे अजून. आमची लिफ्ट मात्र बंद आहे, ती बातमी द्या.” तू हसला नाहीस. उठलास आणि साइटवर निधनवार्ता भरायच्या पानावर तो रकाना घातलास: कोणाशी बोललात? घरच्या माणसाचं नाव लिहिल्याशिवाय बातमी पुढे सरकायचीच नाही. आपण सगळे वैतागायचो. रडणाऱ्या घरात फोन करून काय विचारायचं? पण करायला लागलो. मग लोकच सांगायला लागले, आजी कशी होती, कुठे कामाला होती, कोणाला कळवायचं राहिलंय.

ह्या वेळी गुरुजींच्या घरी फोन केला, नातीने उचलला. म्हणाली, आजोबांनी सांगून ठेवलेलं, ह्या वेळची बातमी खरी आहे असं फाटकवाल्यांना कळव. मी रकान्यात ‘प्राप्ती, नात’ असं लिहिलं. तेव्हाही रडू आलं नाही. मला झालंय तरी काय, असं आता रोज स्वतःला विचारते.

कंपनीचे राकेश म्हणून आहेत, सगळं त्यांच्या हाताखाली जाणार. माणूस वाईट नाही. कळवा, मुंब्रा, कल्याण सगळीकडे ‘फाटक’ न्यायचं म्हणतात, आणि नेतीलही. बातम्या ग्रुपवरून आपोआप उचलल्या जाणार. रकाना बघून म्हणाले, मॅडम, ह्याच्यामुळेच लेट होतं, हे पहिलं काढू. ते काय चुकीचं बोलत होते? लेट तर होतंच.

पण एक अडलंय. साइटचा कोड आपण पहिल्यापासून सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कोणीही घ्यावा, वापरावा, केलेले बदलही तसेच उघडे ठेवावेत. बदलापूरच्या मुलींनी तो घेऊन स्वतःची साइट चालवलीय, तुझ्या रकान्यासकट. त्यांच्याकडचं कोणी काढून घेऊ शकत नाही. कंपनीला मात्र पुढचं सगळं बंद ठेवायचंय, आणि त्यासाठी कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची परवानगी लागते. बाकीच्यांनी दिली. तू राहिलास.

काल राकेशनी एक कागद पुढे केला. साकेतशी माझं बोलणं झालं, त्याची काही हरकत नाही, असा मजकूर, खाली माझी सही. म्हणाले, “तो गावाला वडिलांपाशी बसलाय, त्याला काय पडलंय? बोललात असं लिहा ना.” मी पेन उघडलं. कोणाशी बोललात, तेवढंच डोक्यात आलं. पेन बंद केलं, विचार करून सांगते म्हटलं.

म्हणून हे पत्र. हो म्हण असं सांगायला नाही, नाही म्हण असंही नाही. तू नाही म्हणालास तर दिवाळीनंतर ‘फाटक’ बंद पडेल आणि प्रणित-ऐश्वर्याची नोकरी जाईल. हो म्हणालास तर ते चालेल, रकान्याशिवाय. तुझ्या घरात रेंज नाही, पण गुहागरच्या बाजारात आलास की फोन कर. तू पहिलं विचारशील, तुला काय वाटतं. त्याच प्रश्नाला घाबरून मी इतके दिवस निरोप ठेवला नाही. उत्तर अजून नाही माझ्याकडे. तुझं जे असेल ते मी तुझ्याच शब्दांत लिहीन.

काकांना नमस्कार सांग.

तुझीच,
प्राची

ता. क. उद्या राकेशना कळवते: साकेतशी बोलणं झालेलं नाही.