इंजिनवाल्याचे कान

७ जानेवारी १९३४
आमचे उस्ताद रामचंद्र मिस्त्री पंधरा वर्षांपूर्वी म्हणाले होते, "हरेश्वर, जो इंजिनाचं ऐकतो त्याला दुसऱ्या कुणाचं ऐकावं लागत नाही." आज आठवलं, कारण साहेबाने घासलेट डेपोच्या इंजिनघरात कापसाचा डबा पाठवलाय. म्हणे, काम करताना कानात बोळे घाला. मी आणि जोडीदार गुणाजी पोट धरून हसलो. कापूस घरी आणला. सगुणाने वाती वळल्या.

९ जानेवारी
सगुणा हल्ली पुटपुटते. आमच्या लग्नात हिचा आवाज काय खणखणीत होता! वय झालं. आलं-मध सुरू करायला सांगितलं. काहीतरी म्हणाली. पुटपुटलीच.

११ जानेवारी
नोटीस. वीस तारखेला मुंबईहून डॉक्टर येणार, कान तपासणार. नापास झाला तो इंजिनावरून खाली.
मला कसली भीती? बोटीतलं घासलेट आमच्या इंजिनावरच्या पंपाने टाकीत चढतं. टाकी भरली की वरचा माणूस घंटा देतो, मी पंप बंद करतो. बारा वर्षं झाली. घंटा मला ऐकू येतेच. त्याच वेळी गुणाजी मान हलवतो, तिकडे मी फक्त सवयीने बघतो.

१३ जानेवारी
प्रॅक्टिस. सगुणाला पाठीमागे उभं केलं, हळू आवाजात आकडे म्हणायला सांगितले. मी ठासून म्हणालो, सत्तावीस. ती समोर येऊन ओरडली, "अहो, जेवलात का विचारलं!" हसली. मग पदर डोळ्याला लावला. चुलीचा धूर असेल. चूल विझलेली होती, पण धूर रेंगाळतो.

१६ जानेवारी, दुपार

गुणाजी विहिरीवर पाणी प्यायला गेला. तेवढ्यात टाकी भरली. घासलेट कडेवरून वाहून शेजारच्या मिठागरात गेलं. तिथे मीठ काढणाऱ्या बायजाची चूल पेटलेली, धारेपासून वीस पावलांवर. गुणाजी धावत आला, आधी चुलीवर माती लोटली, मग पंप बंद केला. मी इंजिनाला तेल घालत होतो. शांतपणे.
बायजा तोंडासमोर येऊन हातवारे करत होती. काय म्हणाली ते गुणाजीने नंतर ओरडून सांगितलं: "आरं मेल्या, त्या घंटेनं माजी कोंबरी दचकून उराली, आन् तुला न्हाय ऐकाया आली?"

१७ जानेवारी
वारा उलटा होता. घंटाही जुनी, चिरकी. नवीन मोठी घंटा मागणारा अर्ज लिहिला. गुणाजीने साहेबाला सांगितलं, घंटेचा दोर तुटला होता. मी त्याला असं सांगायला सांगितलं नव्हतं. नकोही म्हणालो नाही.
बायजाच्या मिठाला घासलेटचा वास येतो.
झोप नाही. त्या चुलीपाशी तिची सून बसली होती.

२० जानेवारी, सकाळ १०
तयारी पक्की. ओठ बघून मला सगळं समजतं. नापास होणं शक्य नाही.

२० जानेवारी, १०.३०
डॉक्टर पाठीमागे उभा राहिला. ओठ दिसेनात. सरळसरळ अन्याय. तरी धीर सोडला नाही. तिन्ही वेळा आकडेच सांगितले.
बाहेर आल्यावर दारापाशी थांबलेला गुणाजी कानाशी ओरडला, "दादा, तो तुझं नाव विचारीत होता."

२१ जानेवारी
बदली गेटवर. आत येणाऱ्यांकडून विड्या, काडेपेट्या काढून घ्यायच्या. मोठ्या जबाबदारीचं काम, कुणालाही देत नाहीत. इंजिन गुणाजीकडे.
सगुणाला सांगितलं. तिने माझा हात धरला आणि तोंड माझ्याकडे करून, सावकाश म्हणाली, "बरं झालं." समजलं.

२४ जानेवारी
गुणाजी विहिरीवर पाठमोरा उभा होता. दिवसभर चाललेलं इंजिन नुकतंच बंद झालं होतं, वारा पडला होता. मी दहा हातांवरून हाक मारली. वळला नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा पाठीवर खडा टाकला तेव्हा वळला आणि हसला. म्हणाला, "इंजिन मस्त चालतंय, दादा."
त्याचं वय एकतीस. घरात दोन लहान मुली.
दोन बोळे वळून ठेवलेत, मेणात बुडवून. उद्या म्हणणार आहे, गुणाजी, एक दिवस घालून बघ, माझ्यासाठी. नाही म्हणेल. त्याच्या जागी मी असतो तर नाहीच म्हणालो असतो. तरी म्हणणार.