अंगुस्तानभर पेज

पाला,
२९ जानेवारी १९८७

प्रिय त्रेसी,

हे पत्र मस्कतला तुझ्या हातात पडेपर्यंत दहा-बारा दिवस सहज जातील, म्हणून शेवटचं आधी सांगून टाकतो. जिन्सी बरी आहे. आत्ता ती शिलाई मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुलीला माझ्या लुंगीसारखं मुंडू नेसवते आहे आणि मला पायडल मारू देत नाही. तेव्हा ड्यूटीचे बूट काढ, पलंगावर नीट टेकून बस, आणि मग पुढचं वाच. गेल्या आठवड्यात तिला फ्लू झाला होता. चांगला पाच दिवस. तुला तार करावी असं दोनदा मनात आलं, पोस्टापर्यंत एकदा गेलोही. पण तारेत चार शब्द मावतात, आणि त्या चार शब्दांवर तू तिकडे आठ दिवस जेवली नसतीस. म्हणून परत फिरलो. रागव, पण वाचून झाल्यावर.

रविवारी चर्चमध्ये संत सेबास्त्यानोसाच्या जत्रेला गेलो होतो. सारा वेळ ती माझ्या खांद्यावर. बँडवाल्याच्या तुतारीत बोट घालून आली, शेंगदाणे खाल्ले, तिथल्या प्रत्येक शेंबड्या पोराच्या गळ्यात पडली. सोमवारी सकाळी उठेना. गाल लाल, डोळे पाणावलेले, आणि म्हणते कशी, “अप्पा, माझे पाय दुखतात.” मी हसलो. म्हटलं, चाललो मी आणि पाय तुझे दुखतात होय गं! मग कपाळाला हात लावला. इस्त्री गरम झाली की नाही ते मी बोट ओलं करून बघतो ना, तसा चटका. तुझा थर्मामीटर काढला. एकशे तीन. दुपारी लावला, एकशे तीन. संध्याकाळी पुन्हा एकशे तीन. मग लक्षात आलं की लावायच्या आधी तो झटकायचा असतो. तू जाताना तीनदा शिकवून गेलीस, आणि मी सकाळचाच ताप दिवसभर वाचत बसलो होतो. झटकून लावला तेव्हा एकशे दोन भरला. त्या एका अंशाने मला केवढा धीर दिला म्हणून सांगू!

डॉक्टर वासुदेवनकडे बाकावर बसायला जागा नव्हती. सगळी जत्राच तिथे खोकत होती. त्यांनी छाती तपासली, कान पाहिले, घसा पाहिला आणि म्हणाले, “फ्लू आहे. माझ्याकडे याच्यावर इंजेक्शन नाही, आणि जो देतो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नकोस. घरात बाई कोण आहे? तिला पाठव, तिला समजावून सांगतो.” मी म्हटलं, “मलाच सांगा.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं, “लिहून घेशील?” माझ्या खिशात मापांची वही होतीच. लुईसच्या बायकोच्या ब्लाउजच्या मापाखाली मी लिहिलं: तापाचं औषध वजन बघून, सहा तासांच्या आत पुन्हा नाही. मोठ्यांच्या डोकेदुखीची गोळी तुकडा करूनसुद्धा द्यायची नाही. अंग कोमट पाण्याने पुसायचं, गारढोण नाही. गुंडाळून ठेवायचं नाही. खाल्लं नाही तर चालेल, प्यायलं नाही तर चालणार नाही. झोपेत श्वास मोजायचा, मिनिटाला चाळिसाच्या वर गेला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, ओठ निळसर दिसले, पोर हाकेला ओ देईना किंवा दिवसभर शू झाली नाही, तर तडक दवाखाना. तुला हे सगळं पाठ आहे, ठाऊक आहे मला. पण मी ते लिहिताना माझी पेन्सिल दोनदा मोडली.

मंगळवारी औषध घेतलं की ताप उतरे आणि चार तासांत पुन्हा चढे. नाक वाहतं, खोकला, आणि कडेवरून खाली उतरायला तयार नाही. पलीकडच्या कार्त्यायनीअम्मा कुंपणावरून पानओव्याची पानं घेऊन आल्या. विस्तवावर धरून पिळली, दोन थेंब मधात चाटवले, आणि मला म्हणाल्या, “रडू नकोस.” मी म्हटलं, “कांदा चिरत होतो.” त्या म्हणाल्या, “चुलीवर पेज आहे, कांदा कुठाय?” त्या बाईपुढे खोटं टिकत नाही.

बुधवारी मात्र पोरीने तोंड मिटलं ते मिटलं. चमचा दिसला की मान फिरवायची. शहाळं आणलं, नको. साखरपाणी, नको. पेजेत मीठ घालून गाळून दिली, ती माझ्या शर्टावर. सकाळपासून शू नाही. ओठांना सालं आलेली. मी मशीनच्या स्टुलावर तिला मांडीत घेऊन बसलो होतो आणि काय करावं सुचत नव्हतं. तेवढ्यात तिने मशीनवरचं माझं पितळी अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालतो ते, उचललं आणि बोटात घालून बघायला लागली. मी म्हटलं, “यातून बाहुली पिते, माहीत आहे?” तिने विचारलं, “किती?” म्हटलं, “वीस पिते.” ते उकळत्या पाण्यात बुडवून काढलं, गार केलं, त्यात पेज भरली. एक अंगुस्तान म्हणजे घोटसुद्धा नाही गं, जीभ ओली होते एवढंच. पण तिने घेतलं. मग दुसरं. तिला मोजता येतं दहापर्यंत, तेही सात विसरून. तर असे आमचे दहा-दहाचे हिशेब सुरू झाले, प्रत्येक खेपेला सात विसरून, आणि दहा झाले की मी ‘सात राहिलं’ म्हणायचो, म्हणजे आणखी एक अंगुस्तान जायचं.

आमचं हे असं चाललेलं असताना, दुपारी एकच्या सुमाराला, दारात जीप थांबली. आमचा थोरला, मत्तायीचेट्टन, आणि माझी अम्मच्ची उतरली. इथे तू थांबशील आणि म्हणशील, अम्मच्ची जीपमधून कशी उतरली, ती तर घरातच असते. सांगतो. आधी त्या दुपारचं सांगू दे.

अम्मच्चीने छत्री भिंतीला टेकवली, सरळ आत आली, जिन्सीच्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, “अंग भाजतंय पोरीचं! आणि हा बसलाय बाहुलीचा खेळ मांडून!” मत्तायीचेट्टन दारातूनच म्हणाला, “कपडे भर तिचे. आमच्याकडे रोसम्माने खोली तयार केलीय. तिकडे इंजेक्शन देणारा डॉक्टर आहे. चार बायका आहेत घरात. तुझ्याच्याने व्हायचं नाही हे.” अम्मच्चीने कमरेच्या पिशवीतून डोकेदुखीची गोळी काढली, “अर्धी दे, मी तुम्हा सहाही भावंडांना दिलीय.” मी म्हटलं, “द्यायची नाही.” “कोण म्हणतं?” “वासुदेवन डॉक्टर म्हणतात. त्रेसीही म्हणाली असती.” चेट्टन हसला, “त्रेसी म्हणते, त्रेसी म्हणते! नर्सचा नवरा शोभतोस अगदी.”

खरं सांगू? त्या क्षणी मी जिन्सीला त्यांच्याबरोबर पाठवणार होतो. थकलो होतो. तीन दिवस मशीनला हात नव्हता, लग्नाचे ब्लाउज तसेच पडलेले, आणि मनात सारखं येत होतं की माझ्या हट्टापायी पोरीला काही झालं तर तुला तोंड कसं दाखवू. तिचा फ्रॉक खुंटीवरून काढलासुद्धा. तेवढ्यात ही कार्टी, घसा बसलेला, मान माझ्या खांद्यावर पडलेली, म्हणते, “अप्पा, अजून चार राहिली.” मी फ्रॉक परत टांगला. म्हटलं, “चेट्टा, चार राहिली आहेत. बस जरा.” आणि कोणाकडे न बघता पेज भरायला लागलो. ती चार प्यायली. मग कुशीवर वळली, झोपली. मी घड्याळ समोर धरून पोटाचं वरखाली मोजलं. चव्वेचाळीस. ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचं, वासुदेवनांनी सांगितलं होतं. औषधाची वेळ झालीच होती, ते पाजलं, मलमलीच्या तुकड्याने अंग पुसत राहिलो, आणि ठरवलं की अर्ध्या तासात उतरला नाही तर याच जीपने दवाखाना. अर्ध्या तासाने मोजलं तर छत्तीस. आणखी थोड्या वेळाने चौतीस. चेट्टन कधी चप्पल काढून उंबऱ्यावर बसला ते मला कळलंही नाही. अम्मच्ची मात्र टक लावून माझ्या हाताकडे बघत होती. चारच्या सुमाराला जिन्सीने शू केली, माझ्या मांडीवर, नव्या मुंडूवर. मी इतका हसलो त्रेसी, की चेट्टनला वाटलं माझं डोकं फिरलं.

त्यानंतर अम्मच्ची जे बोलली ते मी तुला जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, “तुम्ही सहा जण. गोवर, कांजिण्या, ताप. मी एकाजवळही अशी दिवसभर बसले नाही. शेतावर जायला लागायचं. तुमच्यातलं कोण कसं जगलं ते देवालाच ठाऊक.” मग चेट्टनला म्हणाली, “जीप वळव. पोर हलवायची नाही.” मी म्हटलं, “तू तरी राहा.” ती उठली, छत्री घेतली. “मी राहिले की तू जाऊन बसशील मशीनवर. त्यापेक्षा बस असाच.” आणि जाताना दारातून, “पेजेत मीठ कमी आहे.” एवढं बोलल्याशिवाय ती अम्मच्ची कसली!

आता ते दुसरं. अम्मच्ची या घरात ऑगस्टपासून राहत नाही. मरियामातेचा सण झाला आणि तिने ठरवलं की चेट्टनच्या रोसम्माला मूल नाही, तू येईपर्यंत जिन्सी तिकडे वाढेल. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “बायकोला समुद्रापार पाठवलीस, आता पोरीच्या वेण्या घालत बसणार? गावात तोंड कुठे दाखवू?” माझ्याही तोंडून गेलं, “इथेच दाखव, दारात उभी राहून.” ती छत्री घेऊन चेट्टनकडे निघून गेली. त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात ‘अम्मच्ची म्हणते’ म्हणून जे लिहिलं, ते मी म्हटलेलं आहे. अम्मच्चीने तुझ्यासाठी मासळीचं लोणचं घातलं, तेही मीच, कार्त्यायनीअम्मांना विचारून. म्हणून खारट होतं. तू तिच्या गुडघ्यांसाठी पाठवलेलं मलम कपाटात तसंच आहे. पहिलं खोटं तुला काळजी नको म्हणून लिहिलं. दुसरं पहिल्यासाठी. मग उसवायचं कुठून तेच कळेना.

शुक्रवारी सकाळी ताप गेला. औषध न देता दिवसभर आला नाही. संध्याकाळी तिने पापड मागितला आणि अर्धा खाऊन अर्धा माझ्या खिशात ठेवला. शनिवारी मी पडलो. अंग मोडून आलं, ताप चढला. तेव्हा या बाईने ओला फडका आणून माझ्या कपाळावर नाही, बरोबर नाकावर ठेवला आणि बजावलं, “अप्पा, दहा प्यायची. रडायचं नाही.” दोन दिवस मला तिच्याच हाताने प्यावं लागलं. खोकला दोघांनाही आहे अजून, पण जातोय. कालपासून मशीन चालू केलं. लुईसची बायको ओरडून गेली, मग जिन्सीला बघून तिच्या हातावर केळं ठेवून गेली.

हे सगळं आजच लिहून टाकायचं कारण असं. तुझ्या मागच्या पत्रात तू लिहिलंस की हॉस्पिटल अजून दोन वर्षांसाठी सही मागतं आहे, मार्चअखेर सांगायचं आहे, आणि ‘अम्मच्ची आहे म्हणून विचार तरी करता येतो, तिला विचारून कळवा.’ ती ओळ मी ताप आलेल्या पोरीशेजारी बसून कितीदा वाचली असेल! जी बाई घरात नाही तिच्या भरवशावर तुला दोन वर्षं सही करू देणं मला जमणार नाही. आता तुला खरं माहीत आहे. सही करायची ठरवलीस तर कर, आम्ही दोघं राहू, पोर नीट वाढेल, ही खात्री मी आता खोटं न बोलता देऊ शकतो. ऑगस्टमध्ये देऊ शकलो नसतो. पण मला विचारलंस तर मी म्हणेन, ये. दोन वर्षं हे लिहायचं टाळलं, कारण लिहिलं असतं तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की याला एकट्याला जमत नाही. आता जमतं, त्रेसी. म्हणून आज लाज न वाटता लिहितो: कामाला नको, आजारपणाला नको, घरात तू हवीस म्हणून ये.

तुझाच, खोकत का होईना पण खराखुरा,
अवराच्चन