सईला सांभाळायला कोण

१२ जानेवारी, सोमवार

सगळ्यांत आधी मीना आली. नऊला बोलावलं तर साडेआठलाच दारात! सेंटरवाल्यांनी पाठवलेली. इथं बंगालात बाळं सांभाळणाऱ्या आयांची सेंटरं असतात. फोन केला की बाई पाठवतात, दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. चप्पल काढता काढता तिनं सगळं घर बघून घेतलं आणि म्हणाली, "मासीमा, लिफ्ट नाही?" मोठ्या बाईला इथं मासीमा म्हणतात. म्हणजे मी मावशी. नाही गं बाई लिफ्ट, रेल्वेचा क्वार्टर आहे, इंग्रजांच्या काळातला. मग अटी सुरू. बाळाचं तेवढं करीन, लंगोट धुणार नाही, दुपारी दीड तास झोपीन. मी म्हणलं, आणि तेव्हा बाळ जागं असलं तर?

"तेव्हा तुम्ही आहात ना!"

आहे ना. नाही कोण म्हणतंय! पण माझा हात. पावसाळ्यात मनगट मोडलं, जुळलं, पण जोर गेला. डॉक्टर म्हणाला बाळ उचलायचं नाही. सई पाच महिन्यांची, सात किलो भरली, वर माशासारखी उसळते. मांडीवर दिली की घेते मी. खाली वाकून उचलणं नाही. देवा, शेजारी पडून ती हात पसरते तेव्हा काय होतं ते मला माहीत.

नूपुरची रजा संपत आली. दोन फेब्रुवारीला सॉल्ट लेकच्या ऑफिसात हजर व्हायचं. बाई नाही मिळाली तर नोकरी सोडीन म्हणते. हसत हसत म्हणते, पण मी सासू असले तरी आंधळी नाही. नोकरीवर जीव आहे पोरीचा. तिला आई नाही, म्हणून माझ्या लेकानं, केयूरनं, मला आणलं. आणि मी आले ती असा हात घेऊन!

नदीवर बोटीचा भोंगा वाजला की सई सगळं सोडून ऐकते. मीपण ऐकते. धुकं एवढं की नदी दिसत नाही, नुसती हाक येते.

१३ जानेवारी

आज दुसरी. बसली तशी आधीच्या घरचं सगळं सांगितलं — तिथला साहेब कसा, बायको कशी, भांडण कशावरून. मजा आली ऐकायला, तास कसा गेला कळलं नाही. मग नूपुर म्हणाली, "आई, उद्या आपलं असंच कुठंतरी सांगेल." खरंच की! नको.

१४ जानेवारी, संक्रांत

सईला पहिला तिळगूळ. बोटाला लावून. तोंड वाकडं केलं आणि परत तोंड उघडलं!

१६ जानेवारी, शुक्रवार

मिळाली! सईला बाई मिळाली!

आज हळदीकुंकू आणि सईचं बोरन्हाण एकत्रच केलं. कॉलनीतल्या चार मराठी बायका, आणि त्यांची मोठी मोठी मुलं — आपसांत बंगाली, आईशी हिंदी, माझ्याशी हसून मान हलवायची. सईला काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने. नूपुरच्या मांडीवर बसवली, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे ओतले, आणि हिनं जो सूर लावला! लाल लाल झाली. कुणाकडं जाईना. त्यात दारात एक बाई उभी. काटकुळी, पांढऱ्या शंखाची बांगडी, कपाळावर सिंदूर. भवानीपूरच्या प्रतिभाताईंनी पाठवलेली, शोभा. प्रतिभाताई आपल्यातल्याच, पण जन्म इथलाच. त्या लेकीकडं गेल्यात, नुसता निरोप होता. कोण, कुठली, कुणी विचारायच्या आधी ती आत आली आणि सईला घेतलं.

काळा फ्रॉक बघून आधी दचकली. त्यांच्यात बाळाला काळं घालत नाहीत म्हणे. मग हलव्याचा हार हातात धरून म्हणाली, "हे खायचं की घालायचं?" सगळ्या हसल्या. तिनं सईला खांद्यावर टाकलं, खिडकीशी नेलं, आणि नाकातल्या नाकात गुणगुणली. पोर गप्प. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उन्हात बोरांचा वास, हळदीचा वास, आणि त्या दोघी अशा डुलत होत्या जशा नावेत बसल्यात. मला वाटलं खोलीच हळूहळू पाण्यावरून चालली आहे. बायका बोलत होत्या, पण लांबून, काठावरून बोलल्यासारखं.

मी तिला बोरं दिली, खाईना. पदराला बांधून घेतली. जराशी खट्टू झाले मी.

ती जायला निघाली तेव्हा नूपुरला म्हणलं, हिची ओटी भर. हे गेल्यापासून मी स्वतः भरत नाही. नूपुरनं छान भरली — तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळदीकुंकू. शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली वाकून माझ्या पाया पडली. मला अगदी भरून आलं. काही बोलायची गरजच पडली नाही.

१७ जानेवारी

शोभा आली नाही. लांबून येते, बजबजहून. उद्यापासून येईल.

१८ जानेवारी, रविवार

रविवारी कशाला येईल.

१९ जानेवारी

नाही आली.

केयूरनं संध्याकाळी विचारलं, "आई, कधीपासून ये म्हणून सांगितलंस?" मी म्हणलं, ओटी भरल्यावर आणखी काय सांगायचं? नूपुरला वाटलं मी सांगितलं, मला वाटलं नूपुरनं सांगितलं. फोन नंबर प्रतिभाताईंकडं, आणि त्या फोन उचलत नाहीत. दुपारी नूपुर कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत बसली होती. मी चहा ठेवायला गेले तर झाकून टाकलं. मला इंग्रजी येत नाही हे तिला माहीत आहे, तरी झाकलं. म्हणजे राजीनामाच.

सईला काय त्याचं! ती पायाचा अंगठा तोंडात घालायला शिकली. आज दिवसभर तेच काम.

२० जानेवारी

प्रतिभाताई आल्या लेकीकडून. त्यांनी शोभाला फोन लावला आणि मग मला. आधी हसतच होत्या, मला राग आला.

"काकू, अहो, तुम्ही तिला निरोप दिलात!"

मी कुठं?

"तांदूळ, नारळ, नवं कापड, पदरात घालून, कुंकू लावून, आणि कामाबद्दल एक शब्द नाही! तिला वाटलं, नको म्हणायचंय पण दारी आलेल्या सवाष्णीला रिकामं कसं पाठवायचं. म्हणते, लोक फार चांगले, दीदी. मला इतका मान देऊन आजपर्यंत कुणी नाही म्हणालं नाही!"

म्हणून डोळ्यांत पाणी. आणि मी इथं भरून येऊन बसले होते!

ताई म्हणाल्या, फोनवर सांगते तिला. मी म्हणलं नको. घरी आलेल्या बाईला मी परत पाठवलं, आता मीच जाणार. केयूर म्हणाला, "आई, तुझा हात." म्हणलं, हातावर चालत नाही मी.

२१ जानेवारी, बुधवार

बजबजला जाऊन आले! प्रतिभाताई बरोबर. माझेरहाट स्टेशनवर गाडीत बसलो. दुपारची गाडी, निम्मी रिकामी. धुक्यातनं तळी जात होती, एकेका तळ्यात एकेक बाई भांडी घासत होती, आणि प्रत्येक बाई मला शोभाच वाटत होती. डुलकी लागली. स्वप्नात सई मोठी झाली होती, शोभाच्या बांगड्या घालून मला वरण वाढत होती. ताईंनी हलवलं तेव्हा ज्यूटच्या गिरणीची चिमणी दिसली, वरचं टोक धुक्यात गेलेलं.

शोभाचं घर पत्र्याचं, अंगण सारवलेलं, बदकं. आम्हाला बघून ती तशीच उभी राहिली, हाताला पीठ. देवाच्या फळीवर आमचा नारळ होता, न फोडलेला! खण घडी करून खाली. मी तिचा हात धरला, पिठासकट. आणि मराठीतच बोलत सुटले — अगं, आमच्यात ओटी भरतात ती परत ये म्हणून, बाई. ज्या घरात ओटी भरली ते घर तुझं. ताई मागून बंगालीत सांगत होत्या. शोभा आधी ऐकत राहिली. मग जी हसायला लागली! पदर तोंडाला लावून हसली, मग रडली, मग ताईंना म्हणाली, "आणि मी चार दिवस नवऱ्याला फोनवर सांगतेय, किती छान लोक होते, किती छान नाही म्हणाले!" नवरा केरळात असतो, बांधकामावर.

तिची सासू मात्र हसली नाही. गिरणीत कामाला जाते, सहाच्या पाळीला. ताठ बाई. तिच्यामागं चार वर्षांची नात, शोभाची टुम्पा, एक डोळा बाहेर काढून मला बघत होती.

सासू म्हणाली, "आधी आम्ही घर बघू."

ताई म्हणाल्या, "मुलगी द्यायची आहे का?"

"सून आहे माझी. बारा तास कुणाच्या घरात राहणार, ते नको बघायला?"

बरोबर बोलली. मला आवडली बाई. शुक्रवारी या म्हणलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

इथं आज सरस्वतीपूजा. कॉलनीत मंडप, पोरी पिवळ्या साड्यांत, सगळीकडं पिवळं पिवळं. गच्चीवरून बघितलं तर झेंडूची फुलं रस्त्यानं चालल्यासारखी.

चारला आल्या तिघी, प्रतिभाताईंबरोबर. टुम्पासुद्धा पिवळी साडी नेसलेली, चालताना निऱ्या दोन्ही मुठीत. सकाळी तिचा हात धरून भटजींनी पाटीवर पहिलं अक्षर काढून घेतलं होतं. पाटी घेऊनच आली.

सासूनं घर बघितलं ते असं की आमच्या केयूरसाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मीही एवढं बघितलं नव्हतं. स्वयंपाकघर, मोरी, खिडकीचे गज. "शोभा कुठल्या ताटात जेवणार?" मी ताट काढून दाखवलं, आमच्यातलंच. "मासे?" आमच्यात नाहीत. "बारा तास मासे नाहीत!" मी म्हणलं, डब्यात आणू दे, मी तोंड फिरवून बसेन. प्रतिभाताईंनी सांगितल्यावर म्हातारी पहिल्यांदा हसली. एक दात सोन्याचा आहे.

बोरं ठेवली होती पुढ्यात. टुम्पानं आजीकडं बघितलं, आजीनं मान हलवली, आणि पोरीनं दोन्ही गाल भरले. पूजा झाल्याशिवाय बोरं खात नाहीत त्यांच्यात, तेव्हा कळलं मला! उगीच खट्टू झाले होते.

सई शोभाच्या खांद्यावर झोपली. नूपुरचा चेहरा इतक्या दिवसांनी सैल झाला. सोमवारी ये, दोन तारखेपर्यंत सवय होईल, असं ठरत आलं. केयूर पेढे आणायला उठला.

तेवढ्यात सासू म्हणाली, "एकच राहिलं. हिचं काय?" आणि टुम्पाकडं बोट दाखवलं. आजवर शेजारची काकू बघायची. ती जाते लेकीच्या बाळंतपणाला, कधी येईल नेम नाही. सासू पहाटे गिरणीत. नवरा केरळात.

नूपुरच्या हातात कप तसाच. केयूर दारात उभा. शोभा सईला थोपटत होती आणि बघत होती टुम्पाकडं. मला वाटलं, ही दुसऱ्याचं बाळ इतकं छान थोपटते, आणि आपल्या पोरीपर्यंत हात पोचत नाही तिचा.

टुम्पा माझ्या पायाशी बसली होती. पाटीवरचं बंगाली अक्षर मला दाखवत होती, हे काय म्हणून. मला कुठं येतंय! मी खडू घेतला आणि शेजारी आपला अ काढला. तिनं पुसला, परत दिला. परत काढला. पुसला. दहा वेळा असं. माझं लक्षच नव्हतं वरती काय चाललंय. मान वर केली तर सगळे माझ्याकडं बघत होते.

२४ जानेवारी, शनिवार

काल म्हणलं मी, हिला घेऊन येत जा. चालते, बोलते, उचलायला लागत नाही. मी आहे.

तशी म्हातारी उठून माझ्यासमोर येऊन बसली. वय किती? दुपारी झोपता का? राग येतो का? पोरीवर कधी हात उचललात का? मनगटावरून बोट फिरवून बघितलं. मी सगळ्यांची उत्तरं दिली, पाठ ताठ ठेवून. वाटलं, आत्ता माझ्याबद्दलच म्हणेल, ही बाई नको!

विचार करून सांगतो म्हणाल्या. उद्या रविवारी सकाळी उत्तर द्यायला येणार आहेत.